पटावरच्या मुलाला वर्गात बसू द्या

गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, पालक सदस्य आणि सचिव या नात्याने काम पाहणारे मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून निघायचं, त्या दिवशीच्या शाळा गाठायच्या, दिव्यांग मुलांसोबत आणि त्यांच्या बाई-गुरुजींसोबत बसायचं, आणि ज्यांचं शाळेत येणं होत नाही त्यांच्या घरी जायचं, असं माझं काम. हे पत्र शिक्षणमंत्र्यांना किंवा आयुक्तांना लिहिता आलं असतं. त्यांच्याकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते आम्ही मागतोच. पण एखादं मूल वर्गात बसणार की घरात, हे मंत्रालयात ठरत नाही. ते तुमच्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात, उभ्या उभ्या झालेल्या दोन मिनिटांच्या बोलण्यात ठरतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

शिक्षण हक्क कायद्याने तुमच्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांना दिल्या. या कायद्याखाली केंद्राने २०१० साली जे नियम केले, त्यांत समितीची कामं दिली आहेत. दिव्यांग मुलं शोधली जातात का, त्यांची नावं दाखल होतात का, त्यांना सोयी मिळतात का यावर लक्ष ठेवणं, आणि त्यांचा सहभाग राहील व प्राथमिक शिक्षण पूर्ण होईल हे पाहणं, हे त्यातलं एक काम आहे. पोषण आहाराची चव पाहणं जितकं तुमचं, तितकंच हेही तुमचं. तरी मासिक सभेच्या इतिवृत्तात हा विषय मला क्वचितच सापडतो. गणवेश असतो, गळकं छत असतं, कुंपण असतं, स्नेहसंमेलनाची वर्गणी असते. या सगळ्याची गरज आहेच. पण पटावर नाव असूनही रोज गैरहजर राहणाऱ्या त्या मुलाबद्दल कोणी विचारत नाही, कारण ते मूल डोळ्यांसमोरच नसतं.

हे कसं घडतं ते सांगते. मूल सहा वर्षांचं होतं. त्याला सेरेब्रल पाल्सी असते, म्हणजे मेंदूला जन्माच्या आसपास इजा झाल्यामुळे हातापायांवर त्याचा पुरेसा ताबा नसतो. आई त्याला कडेवर घेऊन शाळेत येते. नाव दाखल होतं, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, माहिती भरली जाते. चार दिवस आई वर्गाबाहेर बसते. पाचव्या दिवशी कोणीतरी अगदी मायेने म्हणतं, “ताई, उन्हातान्हाचं रोज कशाला आणता? नाव आहे ना पटावर. अधूनमधून आणत जा.” आईला वाटतं, बाई आपल्यावर दया करताहेत. ती घरी जाते. पुढे कधी तपासणी असली की निरोप येतो, कधी नेमका उलटा निरोप येतो की आज नको आणू. असं करत वर्ष सरतं, मूल पुढच्या वर्गात गेल्याची नोंद होते. चौथीपर्यंत पोचतं तेव्हा त्याला वर्गातल्या एकाही मुलाचं नाव माहीत नसतं आणि वर्गातल्या मुलांना त्याचं.

यात कोणाचा दुष्टपणा नसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बाईंना वाईट वाटत असतं. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीचं काम करायचं, आणि या मुलाला कसं शिकवायचं हे त्यांना कोणी नीट दाखवलेलं नसतं. म्हणून मी हे पत्र एकट्या बाईंना लिहिलेलं नाही. एकट्या शिक्षकाच्या चांगुलपणावर हे मूल शाळेत टिकत नाही. बदली झाली की संपलं. समितीने ठरवलं तर टिकतं.

आता ‘गृहाधारित शिक्षण’ या शब्दाबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण मूल घरी ठेवण्यासाठी आजकाल हाच शब्द पुढे केला जातो. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडता येईल, अशी तरतूद तिने केली. निवड मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची. शाळेने “तुमचं मूल गृहाधारितमध्ये टाकतो” असं सांगण्याची सोय कायद्यात कुठेही नाही. जे मूल अंथरुणाला खिळलेलं आहे, ज्याला सतत ऑक्सिजन लागतो, ज्याला जरा गर्दी झाली की जंतुसंसर्ग होतो, त्याच्यासाठी तो पर्याय मोलाचा आहे आणि मी त्या घरांत आनंदाने जाते. पण मी ज्यांच्या घरी जाते त्यांतली कितीतरी मुलं अंगणात गोट्या खेळणाऱ्यांकडे टक लावून बसलेली असतात. त्यांना वर्गात बसण्यापासून आजाराने अडवलेलं नाही.

थोडा हिशोब पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास अध्यापन मिळालं पाहिजे, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. घरी राहिलेल्या मुलाकडे माझ्यासारखी शिक्षिका आठवड्यातून एक तास गेली, आणि एकही आठवडा चुकला नाही, तरी वर्षाचे जेमतेम बावन्न तास होतात. प्रत्यक्षात पावसाळा, प्रशिक्षणं, बैठका, एसटीची वेळ, सगळं धरलं तर त्याहून कमीच. आठशेच्या जागी पन्नास. आणि या पन्नासांत मित्र नाहीत, भांडण नाही, मधली सुट्टी नाही, रांगेत उभं राहणं नाही, परिपाठातली प्रार्थना नाही.

ही मुलं शिकू शकतात की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रापुरता तरी फार पूर्वी सुटला आहे. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात सुरू झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये आणि पुण्यात कामायनी १९६४ मध्ये निघाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत काम उभं केलं. या शाळांनी किती मुलांना हाताला धरून उभं केलं त्याची मोजदाद नाही. पण त्या बहुतेक शहरांत. आपल्या वाडीवरच्या मुलाला तिथे पाठवायचं तर वसतिगृहात ठेवावं लागतं, आणि ज्या सात वर्षांच्या मुलाला आईशिवाय घास भरवता येत नाही त्याला आई कशी पाठवेल? त्याच्यासाठी गावची शाळा हीच शाळा. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. तिच्या उचगावच्या शाळेत दिव्यांग आणि इतर मुलं एकाच वर्गात शिकतात. व्हीलचेअर सगळीकडे जाईल अशीच इमारत बांधली की वर्गात चाकं आहेत याचं कोणाला नवल राहत नाही.

तुमच्या शाळेत काय करता येईल? आधी उतरती वाट पाहा. बहुतेक शाळांत रॅम्प आहे, कारण तो तपासणीत विचारला जातो. पण तो वापरता येतो का? नियम साधा आहे: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. शाळेचा ओटा दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवावा. मी जे पाहते ते बरेचदा सात-आठ फुटांचे असतात. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. काही ठिकाणी रॅम्प संपतो तिथे चार इंचांचा उंबरठा असतो. काही ठिकाणी कठडाच नसतो. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाला तर चाकांहून कठड्याची गरज जास्त. समितीतल्या कोणीतरी एकदा टेप घेऊन मोजावं. बांधकाम करणारा माणूस तुमच्या गावातलाच असतो, त्याला प्रमाण सांगितलं की तो बांधून देतो.

मग स्वच्छतागृह. दिव्यांग मुलांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि आत झाडू, जुनी बाकं, रंगाचे डबे असतात, हे मला इतक्या शाळांत दिसलं आहे की आता मी आधी किल्ली मागते. त्याचा परिणाम सांगते. मूल सकाळपासून पाणी प्यायचं टाळतं. नाही तर आई दुपारी रोजगार सोडून शाळेत येते, फक्त त्याला शौचाला नेण्यासाठी. ज्या घरात रोजचं हातावर पोट आहे तिथे आईची मजुरी किंवा मुलाची शाळा, यांतलं एकच टिकतं. आणि शाळा सुटते. कमोड, भिंतीला धरायला दांडी, चाकं आत जातील एवढं दार, आतून लावता येईल आणि अडचणीत बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, आणि पाणी. कुलूप काढणं हे तर फुकटचं काम आहे.

वर्गातल्या गोष्टी याहून स्वस्त आहेत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे पाय लोंबकळत राहिले तर त्याचं सगळं अंग ताठतं आणि हात लिहायला मोकळे राहत नाहीत. पायाखाली लाकडी ठोकळा ठेवला, गुडघे काटकोनात आले, टेबल कोपराच्या उंचीला आलं, की तेच मूल पेन्सिल धरतं. गावचा सुतार अशी खुर्ची करून देतो. पेन्सिल जाड लागते, तिच्याभोवती जुन्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली तरी चालतं. कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्याजवळ, खिडकीकडे पाठ करून बसवा आणि ठळक काळ्या रेघांची वही द्या. कर्णबधिर मुलासमोर बोलताना तोंड त्याच्याकडे असू द्या. फळ्यावर लिहिता लिहिता बोललेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याच्या श्रवणयंत्राचा सेल संपला की कित्येक घरांत ते यंत्र डब्यात जातं, कारण सेल तालुक्यालाच मिळतो. शाळेने चार सेल आणून ठेवले तर तो महिना वाया जात नाही. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला परिपाठाच्या ढोल-ताशाचा आणि घंटेचा त्रास होतो. त्याला आधी सांगा, कानावर हात ठेवू द्या, हवं तर पाच मिनिटं उशिरा आत येऊ द्या. दिवसाचा क्रम चार चित्रांत भिंतीवर लावला, आधी प्रार्थना, मग भाषा, मग खिचडी, मग खेळ, तर त्याची निम्मी बेचैनी जाते. खरं तर चार चित्रांच्या या क्रमाचा उपयोग वर्गातल्या सगळ्यांनाच होतो.

शिक्षकांची एक भीती मला समजते. ‘निपुण’ या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या पातळीवर हे मूल मागे राहिलं तर आपल्या शाळेचा निकाल खाली येईल. त्यावर उपाय मुलाला घरी ठेवणं हा नव्हे. या मुलासाठी त्याच्यापुरता आराखडा करायचा असतो, तो करायला आम्ही येतो. वर्ग वजाबाकी करत असेल तेव्हा हे मूल पाच चिंचोके मोजून वाटीत टाकेल. पुढच्या महिन्यात सात. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी असं सांगतो. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सवलत, याही गोष्टी त्यात आहेत. खेळ आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने संधी हवी, हेही त्याच कायद्यात आहे. सहलीच्या गाडीत ते मूल असलं पाहिजे. संमेलनात त्याला गर्दीच्या दृश्यात का होईना, उभं केलं पाहिजे. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाची फेरी काढतो, त्या दिवशी पुष्पगुच्छ देतो, ते छान आहे. ४ डिसेंबरला ते मूल वर्गात असावं एवढंच माझं म्हणणं.

फिट येणाऱ्या मुलांबद्दल मात्र मला जोर देऊन सांगायचं आहे, कारण “शाळेत फिट आली तर जबाबदारी कोणाची?” हे वाक्य बोलून कितीतरी मुलांना घरी पाठवलं गेलं आहे. फिट आली तर काय करायचं हे प्रत्येक शिक्षकाला, शिपायाला, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना माहीत पाहिजे. घाबरू नका. मुलाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा घडी घातलेलं कापड ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, आसपासच्या टोकदार वस्तू आणि मुलं दूर करा, आणि घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका, ना चमचा, ना बोट, ना पाणी. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, यांनी काहीही होत नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. थांबल्यावर मूल गुंगीत असतं, त्याला झोपू द्या. आईकडून औषधाची चिठ्ठी घेऊन वर्गात ठेवा. रोजची गोळी चुकली की फिट येऊ शकते, म्हणून “आज गोळी घेतलीस का?” एवढं सकाळी विचारलं तरी पुष्कळ झालं.

इतर पालक तक्रार करतात, हेही मला माहीत आहे. माझ्या मुलाचं नुकसान होईल, तो चावतो, तो लाळ गाळतो, त्याचा रोग लागेल. समितीत पालकच बहुसंख्य असल्यामुळे हे प्रकरण तुमच्याकडेच येतं. मूल मारतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं, जे त्याला शब्दांत सांगता येत नाही. भूक, आवाज, दुखणं, कोणी चिडवणं. ते कधी मारतं, आधी काय झालं, एवढं आठवडाभर वहीत लिहिलं तर कारण सापडतं. लाळ हा संसर्ग नाही, स्नायूंच्या ताब्याचा प्रश्न आहे. गळ्यात रुमाल बांधला की पुरे. आणि मुलांचं म्हणाल तर पहिलीच्या वर्गाला हे जमायला फार दिवस लागत नाहीत. फक्त एक करा: मदतीचं काम एकाच हुशार मुलीच्या गळ्यात घालू नका. पाळ्या लावा. खुर्ची ढकलायची पाळी आली की पोरं भांडतात, आणि ते भांडण चांगलं आहे.

पोषण आहाराच्या वेळी त्याला वेगळं बसवू नका. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोटे घास द्यावे. आडवं किंवा मान मागे टाकून कधीही भरवू नये, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. खिचडी थोडी मऊ करून द्यायला स्वयंपाकाच्या ताई कधी नाही म्हणत नाहीत, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं इतकंच.

आता घर. शाळेने घराकडे बोट दाखवायचं आणि घराने शाळेकडे, असं चालत राहतं, पण घरात काय चाललं आहे हे समितीतल्या बायकांना माझ्याहून चांगलं माहीत असतं. मूल असं जन्मलं म्हणून आईला बोल लागलेले असतात. देवऋषी झाले, अंगारे झाले, तेल-मालिशीवर पैसा गेला, ‘बरं करून देतो’ म्हणणारा कोणीतरी येऊन गेला. बाप दुःखाने गप्प होतो किंवा कामाला निघून जातो. आजी जीव लावते आणि त्या जीवापायी त्याला काहीच करू देत नाही. पाणी हवं हे त्याने म्हणायच्या आत पेला तोंडाशी. मग ते मूल मागायला कशाला शिकेल? मी घरी गेले की पहिली विनंती हीच करते: थोडं थांबा. पेला दिसेल असा ठेवा आणि त्याच्याकडे बघत थांबा. त्याने बोट दाखवलं, आवाज काढला, चित्रावर हात ठेवला, की लगेच द्या. बोलता न येणाऱ्या मुलाच्या घरी पुठ्ठ्यावर पाणी, जेवण, शी-शू, झोप, दुखतंय, बाहेर जायचंय, अशी चित्रं चिकटवून ठेवायला सांगते. तोच पुठ्ठा शाळेत हवा. घरात एक खूण आणि शाळेत दुसरी असं झालं की मूल दोन्ही सोडून देतं.

कपडे घालणं, दात घासणं, जेवणं, ही कामं शिकवायची एक युक्ती आहे, ती आयांना फार पटते. कामाचे छोटे तुकडे करायचे आणि शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. सदरा घालायचा तर सगळं आईने करायचं, शेवटचं बटण काजातून निम्मं बाहेर काढून ठेवायचं, आणि ते फक्त ओढून घ्यायचं काम मुलाचं. ते जमलं की “घातलास सदरा!” म्हणायचं. आठ-पंधरा दिवसांनी शेवटचं बटण पूर्ण त्याचं. मग शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून त्याचा हुरूप टिकतो. सुरुवातीपासून शिकवायला गेलं तर पहिल्याच पायरीवर अडून ते रडतं आणि आई कंटाळते. वाटाणे सोलणं, ताटं-वाट्या वेगळ्या लावणं, भाकरीच्या पिठाचे गोळे करणं, दहा रुपये देऊन दुकानातून काडेपेटी आणणं, हा सगळा त्याचा अभ्यासच आहे. गणित, भाषा, हाताची ताकद, सगळं त्यात येतं.

मुलींचं एक निराळं दुःख आहे. सहावी-सातवीपर्यंत कशीबशी येणारी बौद्धिक अक्षम मुलगी पाळी सुरू झाली की एका महिन्यात शाळेतून नाहीशी होते. घरचे घाबरतात. डाग पडेल, तिला कळणार नाही, कोणी गैरफायदा घेईल. ही भीती खोटी नाही. पण पॅड बदलणंही त्याच युक्तीने, चित्रांच्या पायऱ्या लावून, पाळी यायच्या आधीच शिकवता येतं, आणि शिकतात मुली. अंगाला कोण कुठे हात लावू शकतं, नको म्हणायचं कसं, घरी येऊन सांगायचं कसं, हेही शिकवता येतं. घरात कोंडलेली मुलगी जास्त सुरक्षित असते हा समज माझ्या अनुभवात खरा उतरलेला नाही. समितीतल्या महिला सदस्यांनी अशा घरी एकदा जावं. मी गेले की ‘सरकारी बाई’ येते. तुम्ही गेलात की शेजारीण येते.

पैशांचं बोलू. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, त्यातून साहित्य, उपचार, प्रवास, मदतनीस, वाचक असे भत्ते निघतात. मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिने विद्यावेतन आहे. अर्ज वेळेत आणि बँक खातं चालू, एवढ्यावर ते अडतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते पैसे बहुधा वर्षाकाठी वाटून संपतात. त्यातून शाळेच्या रॅम्पला कठडा, स्वच्छतागृहाला दांडी, पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारी एक कोपरा-खुर्ची, अशी मागणी ग्रामसभेत ठेवायला समितीच योग्य. व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), श्रवणयंत्र यांसाठी शिबिरं होतात. तिथे माप घेतलेली वस्तू यायला वेळ लागतो आणि तोवर मूल वाढलेलं असतं, तेव्हा बसत नसेल तर परत करून नवीन मागा, अंगणात ठेवून देऊ नका. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंत. ती फारच थोड्या घरांना माहीत आहे.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी आईला जिल्हा रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात. एक डॉक्टर त्या दिवशी नसतो, बुद्ध्यांकाची चाचणी पुढच्या तारखेला. समितीने तीन-चार मुलांची मिळून एकच गाडी केली तर त्या आयांची मजुरी वाचेल. आणि कृपा करून प्रमाणपत्रासाठी प्रवेश अडवू नका. कार्ड लागतं ते योजनांना. वर्गात बसायला लागत नाही. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानली आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होती. वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजार, हीसुद्धा त्यात आहेत. सिकल सेलचं मूल गडचिरोली-नंदुरबारकडच्या शाळांत भेटतं. दिसायला धडधाकट, पण त्याला भरपूर पाणी लागतं, थंडीत मैदानावर उभं केलं की अंग ठणकतं. त्याला आळशी म्हटलं जातं. ‘ढ’ म्हटल्या जाणाऱ्या मुलांतही काहींना अक्षरं ओळखायला आणि जुळवायला जड जातं, पण तोंडी विचारलं तर सगळं येतं. दिव्यांगत्वाची लक्षणं शाळेतच ओळखण्यासाठी केलेल्या ‘प्रशस्त’ ॲपमधली तपासणी यादी शिक्षकांनी मनापासून भरली तर अशी मुलं दुसरी-तिसरीतच लक्षात येतात.

आमच्यासारखे विशेष शिक्षक पुरेसे नाहीत, हे खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. तिथवर पोचायला आपल्याला अजून वेळ आहे आणि त्यासाठी आम्ही भांडत राहू. तुमचे ठरावही त्या मागणीच्या बाजूने हवेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एका शिक्षिकेचं पत्र जातं आणि एका गावाच्या समितीचा ठराव जातो, यांत फरक पडतो. पण विशेष शिक्षक येईपर्यंत मूल घरी, असा अर्थ कोणी काढू नये. तोवर त्याचं बालपण संपलेलं असेल.

तर पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्या. पटावर किती दिव्यांग मुलं आहेत आणि त्यांतली गेल्या आठवड्यात किती जण वर्गात प्रत्यक्ष बसली, हे मुख्याध्यापकांना विचारा आणि दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहा. जी आली नाहीत त्यांच्या घरी दोन सदस्यांनी जावं, त्यांत एक बाई असावी, आणि आईला विचारावं की काय झालं तर तुम्ही त्याला रोज पाठवाल. तिचं उत्तर शब्दशः लिहून आणा. कोणी म्हणेल रिक्षा, कोणी म्हणेल शौचाला न्यायला कोणीतरी, कोणी म्हणेल पोरं चिडवतात. प्रत्येक उत्तराला कोणाचं तरी नाव आणि एक तारीख लावा आणि ते सगळं शाळा विकास आराखड्यात घाला. गृहाधारित म्हणून नोंदवलेल्या मुलांच्या पालकांना स्पष्ट सांगा की निवड तुमची आहे आणि ती केव्हाही बदलता येते. शाळेची वेळ रोज झेपत नसेल तर दोन तासांपासून सुरुवात करू, हळूहळू वाढवू.

सभेची तारीख गटसाधन केंद्रात कळवा. आमच्यापैकी कोणीतरी येईल, सभा शेतीची कामं आटोपून संध्याकाळी ठेवलीत तरी. रॅम्प मोजायचा टेप मी घेऊन येईन.

आपली,
एक फिरती विशेष शिक्षिका